शरदातली पाटी आणि शनिवारची बैठक : आमच्या छोट्या खानावळीसाठी सूचना हव्यात

कर्लीकाठ

नमस्कार मंडळी. सिंधुदुर्गातल्या परुळ्याहून कर्ली खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्यालगत सासूबाई आणि मी मिळून खानावळ चालवतो. सहा टेबलं, पुढे पडवी, मागे मांगर. इथे अनेक जण खाण्यावर आणि गाण्यावर मनापासून लिहितात, म्हणून हा धागा काढते आहे.

गणपतीला आलेले चाकरमानी परतले की दिवाळीच्या सुट्टीपर्यंत आमच्याकडे गर्दी नसते. पण रानात, शेतात, दर्यात याच दिवसांत सगळ्यात जास्त काही चालू असतं. १ जून ते ३१ जुलैची मासेमारी बंदी उठून दोन महिने होत आलेले असतात. रापणीला (किनाऱ्यावरून माणसांनी ओढायच्या मोठ्या जाळ्याला) बांगडा लागायला लागतो, आणि पावसाळ्यानंतरचा बांगडा चांगलाच तेलकट असतो. तारलीही तशीच. हळवं (लवकर पिकणारं) भात कापणीला येतं. माटवावरची (मांडवावरची) पिकलेली तवशी (मोठ्या काकड्या) काढून माळ्याला टांगलेली असतात, लाल भोपळे पडवीत येऊन पडतात, हळदीची पानं अजून हिरवी असतात, माशांच्या कालवणात घालायची तिरफळं झाडावर असतात. आणि आलेलं गिऱ्हाईक विचारतं, "पापलेट थाळी आहे?" बारा महिने तोच प्रश्न. पापलेट २०२३ मध्ये राज्यमासा जाहीर झालं, त्याचा मान मला आहेच. म्हणूनच तळहाताएवढी, अजून न वाढलेली पापलेटं तळून थाळीत घालायला माझा हात धजत नाही.

तर विचार असा आहे. नवरात्रापासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत छापलेलं मेनूकार्ड बंद. रोज सकाळी खडूने पाटी लिहायची. त्या दिवशी किनाऱ्यावर जे लागलं, परसात जे पिकलं, तेच. सोबत दर शनिवारी संध्याकाळी साडेसात ते साडेनऊ पडवीत गाणं-वाजवणं, तेही आसपासच्याच माणसांचं. स्पीकरवर लावलेली गाणी मला नको आहेत. जेवण इथलं आणि ऋतूचं असेल, तर कानावर पडणारंही इथलंच हवं, असं मला ठामपणे वाटतं.

पाटीवर काय असावं, आणि गाण्याचं कसं जमवावं, सविस्तर सांगा.

डोंबिवलीकर

कल्पना छान आहे, पण गिऱ्हाईक म्हणून थोडं वेगळं मत. आम्ही रात्रभर गाडीत बसून येतो. मुलांना सुरमईचा तुकडा हवा असतो. तिथे पोचल्यावर "आज सुरमई नाही" ऐकलं की आम्ही पुढच्या हॉटेलात जातो. पाटी सकाळी लिहून होत असेल तर तिचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाका. देवबाग, निवती, भोगव्याला उतरलेल्या माणसाला दहा वाजेपर्यंत कळलं की आज तारली आहे, तर तो मन तयार करून येईल. आणि लहान मुलांसाठी एक-दोन पदार्थ कायम ठेवा. घावन आणि नारळाचा रस रोज असेल तर आमचं भागतं.

रापणकर

वैनी, पाटयेचो इचार बरो आसा. पण रापण घड्याळ बघून लागणा नाय. आठ-आठ दिस रिकामी येता, आणि लागली की एका ओढीक बांगड्याचो ढीग पडता. त्या दिसा भाव कोसळता. बर्फाच्ये गाडये घेवन व्यापारी येतत आणि पडेल भावान उचलून नेतत. तुमच्यासारख्या खानावळवाल्यांनी सकाळी किनाऱ्यार येवन रोखीन माल घेतल्यानी तर आमका मोठो आधार. दोनय बाजूक दोरी ओढूक कितकी माणसा लागतत, ता तुमका ठावक आसा. सगळ्यांचो वाटो पडता, होडयेचो वेगळो, जाळ्याचो वेगळो.

पाटयेर नुसता "बांगडा" लिवा नको. खंयच्या किनाऱ्यार, खंयच्या रापणीक लागलो, ता लिवा. लायटीच्या उजेडात पकडलेली मासळी नको म्हणून आमी कितके वर्सा सांगतंव. २०१७ पासना ती बंद करूचो हुकूम आसा. लोकांनी इचारूक लागला की हो मासो कसो पकडलो, तर आमच्या रापणीक किंमत येतली.

तिरफळ

रापणकरांशी पूर्ण सहमत.

पाटीसाठी माझी पहिली मागणी: बांगड्याचा तिकला (दाटसर तिखट कालवण), ओल्या तिरफळांचा. सुकं तिरफळ वर्षभर मिळतं, पण झाडावरून काढलेल्या हिरव्या तिरफळाचा वास निराळाच. ठेचून शेवटी घालायचं, दळायचं अजिबात नाही. दळलं की कडू होतं आणि बाकी सगळं झाकून टाकतं. खोबरं फार नको, बेडगी मिरची, हळद, आमसुलं, आणि रस्सा अंगाबरोबर. सोबत उकड्या तांदळाचा भात.

दुसरी, तारली केळीच्या पानात. तारलीला काटे फार म्हणून हॉटेलवाले ती घेत नाहीत, आणि चवीला तिच्याइतकं सरस या दिवसांत दुसरं काही नाही. तिच्या अंगात इतकं तेल असतं की तव्याला वेगळं लागत नाही. मीठ, हळद, लाल तिखट, आमसुलाचं आगळ, बस.

तिसरी मागणी वादाची आहे. पाटीवर सुकी मासळी पण ठेवा. परतीचा पाऊस वीज कडाडत येतो, दर्या खवळतो, होड्या बाहेर पडत नाहीत. २०१९ च्या ऑक्टोबरात क्यार वादळ आलं तेव्हा बोटी देवगड बंदरात आसऱ्याला जाऊन थांबल्या होत्या आणि कापणीला आलेलं भात शेतात भिजलं. असं काही झालं की शहरातली हॉटेलं गोठवलेला मासा काढतात. तुम्ही त्या दिवशी सुक्या गोलम्याची (बारीक कोळंबीची) किसमूर (खोबरं घालून कालवलेली कोशिंबीर) आणि कुळथाची पिठी करा. तोही ऋतूचाच भाग आहे.

स्टेथोस्कोप

फक्त एक वैद्यकीय मुद्दा, पण महत्त्वाचा. बांगडा आणि तारली पकडल्याक्षणी बर्फात गेले पाहिजेत. ऑक्टोबरच्या उन्हात दोन-चार तास उघडे राहिले तर त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं. ते शिजवून किंवा तळून जात नाही. खाल्ल्यावर अर्ध्या तासात तोंड लाल होतं, अंगाला खाज सुटते, डोकं ठणकतं, आणि लोक समजतात मसाल्याची अ‍ॅलर्जी आली. किनाऱ्यावर माल घ्यायला जाताना बर्फाची पेटी बरोबर न्या. वास आणि डोळे बघून हिस्टामिन कळेलच असं नाही, म्हणून ओढ कधी झाली ते विचारूनच घ्या.

सड्यावरचा

मी भात करतो, म्हणून भाताबद्दल.

नवं भात आलं की हॉटेलवाले कौतुकाने "नव्या तांदळाचा भात" म्हणून वाढतात, आणि तो गिच्च होतो. नव्या तांदळाला पाणी कमी लागतं आणि तो चिकट असतो. थाळीतल्या मोकळ्या भातासाठी जुना उकडाच चांगला. नव्याची खरी जागा पेजेत, पातोळ्यांत, मोदकाच्या उकडीत, आणि दिवाळीत पोह्यांत. हळवं दसऱ्याच्या मागेपुढे कापलं जातं, गरवं त्यानंतर बरंच. म्हणजे पाटीही त्याच क्रमाने बदलू द्या.

कोजागरीच्या पौर्णिमेला आमच्याकडे नवान्न. भाताच्या लोंब्या, आंब्याची पानं, कुरडूची फुलं एकत्र बांधून दाराला नवं बांधतात आणि त्या दिवशी नवा तांदूळ पहिल्यांदा घरात शिजतो. मुंबई-पुण्याकडच्यांना त्या रात्रीचं मसाला दूध माहीत असतं, नवान्न माहीत नसतं. तुमच्या खानावळीत त्या दिवशी नव्या तांदळाची खीर आणि काळ्या वाटाण्याचं सांबार ठेवलंत, तर आलेल्या माणसाला इथलं वर्ष कसं चालतं ते ताटातूनच कळेल.

चावदिसाचे (नरकचतुर्दशीचे) पोहे विसरू नका. गोडे, तिखट, ताकातले, दुधातले. पहाटे कारीट फोडून झालं की घरोघरी हेच. दिवाळीच्या सुट्टीत येणाऱ्यांना सकाळी सात वाजता पानावर पाच प्रकारचे पोहे वाढून बघा.

गुहागरची माई

कर्लीकाठ, तू एक मोठी गोष्ट गृहीत धरली आहेस. नवरात्रात कोकणातली निम्मी घरं मासे खात नाहीत. त्या दिवसांत पाटी मासळीवर उभी केलीस तर गावची माणसं यायची नाहीत. ते नऊ दिवस शाकाहारी कर. तवसाचं धोंडस (तुमच्याकडे तवसोळी म्हणता), भोपळ्याचे घारगे, पडवळाची डाळ घालून भाजी, हळदीच्या पानातल्या पातोळ्या, वालाचं बिरडं, आंबोळ्या, खापरोळ्या. आमच्याकडे धोंडस खाली-वर निखारे ठेवून भाजतात. ओव्हनमध्येही होतं, पण निखाऱ्यांवरच्या धोंडसाला खरपूस कड येते ती ओव्हनमध्ये येत नाही. जून, पिवळं झालेलं तवसंच हवं, कोवळ्या काकडीचं पाणचट होतं. आणि किसून सुटलेलं पाणी टाकायचं नाही, रवा त्यातच भिजवायचा.

गाण्याचं म्हणशील तर आमच्या रत्नागिरीकडे जाखडी (गोल धरून नाचत गायचा लोकप्रकार) जोरात असते, शक्तीवाले आणि तुरेवाले यांचे सवाल-जवाब. पण ती सहा टेबलांच्या पडवीत बसत नाही, नाचणाऱ्यांना गोल धरायला अंगणच लागतं. ते मोकळ्या जागेसाठी ठेव.

कर्लीकाठ

माई, नवरात्राचा मुद्दा अगदी पटला. सासूबाईही हेच म्हणत होत्या. नऊ दिवस चूल पूर्ण शाकाहारी, हे नक्की.

डोंबिवलीकर, फोटो टाकणं जमेल. घावन-रस रोज ठेवू.

सुक्या मासळीला गिऱ्हाईक नाक मुरडेल अशी भीती होती, पण तिरफळ यांनी लिहिलंय ते वाचून धीर आला. वादळाच्या दिवसाची पाटी मी आधीच ठरवून ठेवते.

आता गाण्याबद्दल सांगा ना. गावात भजनी मंडळ आहे, त्यांना विचारावं असं मनात आहे.

ठेका_पखवाज

मी भजनात पखवाज वाजवतो, म्हणून स्पष्ट लिहितो. रागावू नका.

बुवांना बोलावताना त्या शनिवारी ताटात काय आहे ते आधी सांगा. समोर तळलेला बांगडा आणि इकडे विठ्ठलाच्या रूपाचा अभंग, हे आमच्यातल्या पुष्कळांना चालणार नाही. काहींना चालेल, पण विचारल्याशिवाय गृहीत धरू नका. भजन आमच्यासाठी करमणूक नाही. डबलबारीत दोन बुवा एकमेकांवर कुरघोडी करतात तेव्हाही सुरुवात नमनानेच होते.

यातून मार्ग माईंनीच दिला आहे. नवरात्रातला शाकाहारी शनिवार, कोजागरी, आणि पुढे कार्तिकी एकादशीच्या जवळचा शनिवार भजनाला द्या. मासळीच्या शनिवारी दुसरं काही.

क्रम कसा ठेवायचा तेही सांगतो. लोक जेवत असताना अभंग आणि गौळण. ठाय लयीत, फक्त पेटी, पखवाज आणि एकच चकी (लहान झांज). गजर नको. गजराला सगळे एकदम उचलतात, झांजा चढतात, जेवणाऱ्याला शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही आणि गाणाऱ्याला समोर चमचे वाजताना दिसतात. दोघांचाही अपमान. पानं उचलली, हात धुवून लोक पुन्हा बसले, की मग एक गजर.

बैठक पंख्याखाली किंवा स्वयंपाकघराच्या दाराशी नको. या दिवसांत दिवसा कोरडी झळ आणि रात्री दव, त्यात चुलीची वाफ लागली की पखवाजाची पुडी (चामड्याचं तोंड) उतरते आणि धुमेची (डाव्या तोंडाची) कणीक वाळते. साथीदाराला अर्धा तास आधी येऊन सुरात बसवू द्या. त्या वेळात चहा द्या, घाई करू नका.

बिदागी आधी ठरवा आणि बैठक सुरू व्हायच्या आधी पाकिटात द्या. "जेवण फुकट" ही बिदागी नव्हे. टेबलाटेबलावर थाळी फिरवून पैसे गोळा करणं तर अजिबात नको.

दशावतारी

मासळीच्या शनिवारचं उत्तर माझ्याकडे आहे.

दशावताराचा (इथल्या रात्रभर चालणाऱ्या लोकनाट्याचा) हंगाम कार्तिकात, त्रिपुरीच्या आसपास जत्रा सुरू झाल्या की धरतो आणि मे महिन्यापर्यंत चालतो. त्याआधी, म्हणजे नेमकं तुम्ही म्हणता त्या दिवसांत, कलाकार घरी असतात. कोणी भात कापतो, कोणी रिक्षा चालवतो. त्यांच्या हाताला या महिन्यांत कमाई कमी असते. पेटीवर बसून रात्रभर पदं सांभाळणारा माणूस, मृदुंगवाला आणि झांजवाला, असे तिघे बोलवा. वेष नको, सोंग नको, फक्त पदं आणि वाजवणं. दशावतारी पेटीवाल्यासमोर लिहिलेलं काही नसतं, पात्र काय बोलेल त्यावर तो सूर धरतो. त्याला तुमच्या पडवीतल्या बोलण्याच्या अंगाने वाजवायला सांगितलंत तर तो सहज वाजवेल.

नाट्यपदांची आवड इकडे घराघरात आहे. कुडाळ, सावंतवाडी, वेंगुर्ल्यात शाळामास्तर, बँकेतले कारकून, दुकानदार असे कितीतरी जण उत्तम गातात आणि त्यांना वर्षातून एक-दोनदाच मंच मिळतो. त्यांना विचारा.

मात्र नवरात्रात आमच्यातले बरेच जण देवळांत असतात, ते दिवस मोकळे मिळणार नाहीत.

वकिलीण_कुडाळ

कायद्याचं थोडक्यात सांगते, नंतर कोणी अडवायला नको.

ध्वनिप्रदूषण नियम २००० चे आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर आणि वाद्यं उघड्यावर वाजवता येत नाहीत. २०१० च्या दुरुस्तीत वाद्यांचा स्पष्ट उल्लेख आला. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. तुम्ही साडेनऊला संपवणार आणि स्पीकर लावणार नाही, हे उत्तम. छोटा स्पीकर लावला तरी लेखी परवानगी लागते.

गाण्यांचा स्वामित्वहक्क कवी किंवा संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. संतांचे अभंग, परंपरेतली पदं यांना अडचण नाही. अलीकडची चित्रपटगीतं खानावळीत गिऱ्हाइकांसमोर गायली तर परवाना लागतो, गाणारा जिवंत समोर असला तरी. तुमचा कल इथल्या जुन्या पदांकडे आहे म्हणून हा प्रश्न फारसा येणार नाही, पण एखादं गिऱ्हाईक फर्माईश करेल तेव्हा लक्षात ठेवा.

डोंबिवलीकर

हे सगळं वाचून माझं मत बरंच बदललं. एक शंका. दोन तास नुसतं ऐकत बसायची सवय नसलेली माणसं मध्येच उठली तर कलाकारांना वाईट वाटणार नाही का?

ठेका_पखवाज

उठतील, हरकत नाही. जेवणाची जागा आहे ती. वाईट वाटतं ते मोबाईलवर मोठ्याने व्हिडिओ लावले की. पाटीच्या खाली एक ओळ लिहा: बैठक चालू असताना फोन बंद. दोन बैठकींच्या मध्ये दहा मिनिटं थांबा, ज्यांना जायचं ते तेव्हा जातील, आणि वाढपही त्याच वेळात उरकेल.

कासवमित्र

थोडं वेगळं. पुढेमागे भोगव्याच्या किनाऱ्यावर अशी बैठक करायचा मोह झाला तर नोव्हेंबरनंतर करू नका. ऑलिव्ह रिडले मादी साधारण त्याच सुमारास अंडी घालायला किनाऱ्यावर येऊ लागते आणि मार्चपर्यंत येत राहते. समुद्राकडे तोंड केलेले दिवे आणि आवाज असले तर ती परत फिरते. खाडीकाठच्या पडवीत मात्र निश्चिंत करा.

गुहागरची माई

पाणी प्यायला तांब्या-भांडं ठेव, प्लास्टिकच्या बाटल्या नकोत. आणि म्हाताऱ्यांसाठी पाठ टेकायला जागा. गावातले आजोबा-आजी आले, तर बैठकीला जाणते कान मिळतात आणि गाणारा खुलतो. त्यांच्यासाठी अर्ध्या दराचं ताट ठेवलंस तर फार बरं.

कर्लीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. आत्ता सासूबाईंसोबत बसून ठरवलं ते लिहिते, कुठे चुकत असेल तर लगेच सांगा.

नवरात्रात पूर्ण शाकाहारी पाटी, तवसोळी आणि पातोळ्या रोज. त्या शनिवारी गावच्या भजनी मंडळाला आमंत्रण, बुवांना पाटी दाखवूनच. दसऱ्यानंतर मासळी सुरू. तिकला, पानातली तारली, रापण रिकामी गेली तर किसमूर आणि पिठी. कोजागरीला मासे नाहीत, नव्या तांदळाची खीर, काळ्या वाटाण्याचं सांबार, दूध आणि पुन्हा भजन. त्यापुढच्या शनिवारी पेटी-मृदुंग-झांज. चावदिसाला सकाळी सातपासून पोहे. कार्तिकी एकादशीच्या जवळचा शनिवार परत बुवांचा, त्या दिवशीही मासळी बंद. त्रिपुरीनंतर कलाकार जत्रांना जातील, तेव्हा आमची बैठकही थांबेल.

बिदागी जेवणाच्या दरातच धरते आहे आणि पाटीवर तसं लिहिणार आहे, म्हणजे खाणाऱ्याला कळेल की आपण कशाचे पैसे देतो आहोत. थाळी यामुळे थोडी महाग होईल. ते मला मान्य आहे. स्वस्त करण्यासाठी गाणाऱ्याचा किंवा रापणीवरच्या माणसाचा वाटा कापायचा नाही.

रापणकर दादा, सकाळी किती वाजता यावं? बर्फाची पेटी आणि रोख रक्कम घेऊन दीर येतील.

रापणकर

उजवाडतानाच येवंदे. पयली ओढ तेवाच आसता. आदल्या रात्री माका फोन करा. वारो दक्षिणेचो आसलो तर रापण घालूचव नाय, उगाच फेरो पडात. आणि पेटी मोठी आणूक सांगा, नायतर अर्धोच माल घेवन जाशात.